चिनूचा पहिला हिवाळा: कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

नंदाआत्या: मेघा किरुनाला जाणार हे मला काल शेजारच्या काकूंकडून कळले, घरातल्या एकाही माणसाकडून नाही, याचे मला वाईट वाटले. ते असो. गाव नकाशात शोधले, तर ते स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे सुमारे दीडशे किलोमीटरवर निघाले. नोकरी म्हणे जानेवारीत सुरू होणार, म्हणजे ऐन थंडीत. मेघा आणि सुमेध यांनी अवश्य जावे, परंतु सहा वर्षांच्या चिनूला पहिला हिवाळा नागपुरातच ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. मी त्याला सांभाळायला समर्थ आहे.

आबा: नंदा, करार हातात येईपर्यंत कोणालाही सांगू नये असे मीच मेघाला सुचवले होते, त्यामुळे राग माझ्यावर काढावास. बंगळूरच्या नोकरीच्या वेळी पेढे आधी वाटले गेले आणि पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

नंदाआत्या: ते पेढे कोणी वाटले होते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

मेघा: आत्या, मी आज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन सर्व सांगणारच होते. काम तिथल्या अवकाश भौतिकी संस्थेत आहे. २००८ च्या चांद्रयान-१ वर ‘सारा’ नावाचे एक उपकरण होते, ते याच संस्थेने आपल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या सहकार्याने तयार केले होते. माझा विषय तोच असल्यामुळे ही संधी मला सोडायची नाही. चिनूला मागे ठेवण्याचा मात्र आम्ही विचार केलेला नाही.

मामा (फौज): मेघाचे अभिनंदन. द्रासच्या अनुभवावरून दोन गोष्टी आत्ताच सांगतो. थंडीत माणूस अडचणीत येतो तो बहुधा घामामुळे. अंगालगत सुती गंजीफ्रॉक असेल तर तो घाम धरून ठेवतो आणि थांबलात की तेच ओले कापड शरीराची ऊब काढून घेते, म्हणून अंगालगत लोकर असावी. बोटांना स्वतंत्र खोबणी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहतील असा मोजा अधिक उबदार असतो. आणि कडाक्याच्या थंडीत उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श करू नये, कातडी चिकटते.

नंदाआत्या: मामांनीच सांगितले ते बरे झाले. कातडी चिकटते अशा गावात सहा वर्षांचे लेकरू नेऊ नये. चिनूला पहिला हिवाळा नागपुरातच ठेवावे.

ताई (स्टॉकहोम): आत्या, भीती रास्त आहे, परंतु ती थोडी चुकीच्या जागी आहे. किरुनात जानेवारीत उणे पंधरा ही सामान्य गोष्ट असते आणि उणे तीसही होते. २०२४ च्या जानेवारीत त्याच नगरपालिकेच्या हद्दीतल्या वित्तांगीला पारा उणे चव्वेचाळीसच्या खाली गेला होता. असे असूनही तिथली घरे आपल्या नागपूरच्या जानेवारीतल्या घरांपेक्षा उबदार असतात. खिडक्यांना तीन काचा असतात, गावाच्या मध्यवर्ती केंद्रातून नळांनी गरम पाणी घरोघरी फिरते आणि खोलीत एकवीस अंश कायम राहतात. धंतोलीच्या घरात पहाटे आपण दोन दुलया घेऊन कुडकुडतो, तसे तिथे घरात कोणी कुडकुडत नाही. त्रास होतो तो काळोखाचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नव्या वर्षापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड पडतो आणि पुन्हा दिवे लावावे लागतात.

आबा: हे मला ठाऊक नव्हते. एवढे दिवस सूर्यच दिसत नसेल तर माणसाची झोप आणि भूक कशी राहते?

ताई (स्टॉकहोम): आबा, दोन्ही बिघडतात, म्हणून तिथले लोक त्याची आधीपासून तयारी करतात. प्रत्येक खिडकीत दिवा असतो आणि दुपारच्या त्या उजेडात थोडा वेळ तरी बाहेर पडायचे, हा नियम कामावरची माणसेही पाळतात. सूर्यप्रकाश नसल्यामुळे ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे लागते. तिथल्या दुधात ते मिसळलेले असते, तरी आपल्या वर्णाच्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारून थेंब सुरू करणे चांगले. मी स्टॉकहोममध्ये राहते, जे किरुनापासून रस्त्याने सुमारे बाराशे किलोमीटर दक्षिणेला आहे, तरी माझा पहिला नोव्हेंबर फार जड गेला होता. थंडी वाजली तर कोट घालता येतो. दुपारी तीनला घर काळोखात बुडाले आणि बोलायला कोणी नसले की काय करावे, हे मला कोणीही सांगितले नव्हते.

विलासकाका: मी आणखी एक बातमी वाचली, ती फार गंभीर आहे. हे गाव खाणीत खचत आहे आणि सरकारने लोकांना उठवण्यास सुरुवात केली आहे. अशा गावात घर घेणे शहाणपणाचे नाही.

मेघा: काका, बातमी खरी आहे, तिचा अर्थ मात्र वेगळा आहे. किरुना वसलेच लोखंडाच्या खाणीसाठी, १९०० साली. खनिजाचा थर तिरका होऊन गावाखाली शिरतो, त्यामुळे खोदकाम खोल गेले तसा वरचा भाग हलू लागला, आणि २००४ मध्ये गावच हलवायचे ठरले. नवे गावकेंद्र तीन किलोमीटर पूर्वेला बांधले असून ते २०२२ मध्ये सुरू झाले. १९१२ चे लाकडी चर्च तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये अखंड उचलून, चाकांवर ठेवून दोन दिवसांत नेले. वजन ६७२ टन होते. आम्ही भाड्याने राहणार आहोत आणि घर नव्या भागातच शोधत आहोत.

विलासकाका: चर्च अखंड उचलले? आपल्याकडे महापालिकेला कोपऱ्यावरचा विजेचा खांब सरकवता येत नाही.

बंटी: मेघाताई, आपण सगळे मे महिन्यात तुझ्याकडे येऊ. इथल्या पंचेचाळीस अंशांतून थेट थंड हवेत जाता येईल.

ताई (स्टॉकहोम): बंटी, मे महिन्यात तिथली तळी बहुधा गोठलेलीच असतात, त्यामुळे जुलैत यावे. तेव्हा रात्री बारालाही ऊन असते, कारण मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही.

बंटी: मग रात्री बारा वाजता क्रिकेट खेळता येईल. मी, चिनू आणि सुमेधदादा एका संघात.

विलासकाका: मला पंच करावे. तिकिटांचे दर कोणी पाहिले आहेत का?

नंदाआत्या: बंटी, मी इथे एका लेकराच्या प्रकृतीबद्दल बोलत आहे आणि तू सहली ठरवत आहेस. चिनूला पहिला हिवाळा नागपुरातच ठेवावे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

आबा: सर्वांनी विषयावर राहावे. तिकिटांची चर्चा स्वतंत्र करता येईल.

मामी: मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही, परंतु आज लिहिते. ह्यांची द्रासला नेमणूक झाली तेव्हा कुटुंबाला नेण्याची परवानगीच नव्हती. मी दोन मुले घेऊन नागपुरात राहिले आणि तेव्हा याच घरातल्या मंडळींनी ‘मुलांचे हाल होत नाहीत, हे चांगले झाले’ असे सांगून माझी समजूत घातली होती. मुलांचे जेवण, शाळा, औषधपाणी, कशातही कमी पडले नाही. हे सुटीवर आले तेव्हा मात्र धाकटी माझ्या पदरामागे लपली आणि ‘ते काका कधी जाणार’ असे विचारू लागली. हे त्या रात्री जेवले नाहीत. नंदाताई, तुमच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण आम्हाला निवड नव्हती आणि मेघाला आहे. असलेली निवड तिने सोडू नये.

मामा (फौज): हे खरे आहे. मी यात काही भर घालू शकत नाही.

नंदाआत्या: वहिनी, तेव्हा समजूत घालणाऱ्यांत मीही होते, हे तुम्ही नाव न घेता लिहिले आहे, ते मला समजले. मुलांना सांभाळायलाही मीच होते, हेही लिहायला हवे होते.

मामी: होय, तुम्ही होतात. माझ्या आजारपणात दोन्ही मुलांना तुम्हीच जेवू घातले. ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

सुमेध: सर्वांना नमस्कार. चिनूच्या बाबतीत एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. स्वीडनमध्ये सहाव्या वर्षीचा पूर्वतयारीचा वर्ग सक्तीचा आहे, शिक्षण विनामूल्य आहे आणि दुपारचे जेवण शाळेतच मिळते. मुले रोज बर्फात खेळतात, त्यामुळे भाषा येण्याआधीच सोबती मिळतात. तो एकटा नागपुरात राहिला तर हे सर्व त्याच्यासाठी एक वर्ष उशिरा सुरू होईल आणि तेव्हा तो वर्गात एकटा नवखा असेल. माझ्यापाशी सुरुवातीला नोकरी नसेल, म्हणून त्याला शाळेत नेणे-आणणे मीच करणार आहे.

विलासकाका: जावईबापू घरी बसणार, हे कोणी सांगितले नव्हते.

आबा: विलास, हा त्या दोघांचा प्रश्न आहे. सुमेध, तुम्ही स्पष्ट लिहिलेत हे चांगले केलेत.

ताई (स्टॉकहोम): मेघा, माझी खरी हरकत जानेवारीला आहे, चिनूला नेण्याला नाही. काळोखात, उणे पंचवीसमध्ये, अनोळखी गावात सामान उतरवायचे, गाडीचे इंजिन गारठू नये म्हणून त्याला रात्री विजेची तार जोडून ठेवायची हे त्याच आठवड्यात शिकायचे आणि मुलाला वर्षाच्या मध्येच वर्गात बसवायचे, हे सर्व एकदम करू नये. तारीख पुढे ढकलता येते का, ते विचार. ऑगस्ट उत्तम, कारण शाळा तेव्हाच सुरू होते आणि अंधार हळूहळू वाढत जातो.

मेघा: ताई, तू हे आधी सांगायला हवे होतेस. मी आजच पत्र लिहिते.

नंदाआत्या: तारीख कोणतीही असो, डिसेंबर येणारच आहे. चिनूला पहिला हिवाळा नागपुरात ठेवावे.

मेघा (दुसऱ्या दिवशी): उत्तर आले आहे. ऑगस्टपर्यंत थांबणे प्रकल्पामुळे शक्य नाही, परंतु एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाले तरी चालेल.

ताई (स्टॉकहोम): एप्रिल तर फारच चांगला. तेव्हा जमिनीवर भरपूर बर्फ असतो आणि दिवस मोठा झालेला असतो. उत्तरेतले लोक हिवाळा आणि वसंत यांच्यामधला तो एक वेगळाच ऋतू मानतात आणि सर्व गाव बाहेर असते. वृद्ध मंडळी खुर्ची बसवलेली एक ढकलगाडी वापरतात. खुर्चीत पिशवी ठेवायची, मागच्या लांब पट्ट्यांवर एक पाय ठेवायचा आणि दुसऱ्याने रेटा देत बर्फावरून किराणा आणायचा. चिनू बर्फ उजेडात शिकेल आणि काळोख येईपर्यंत त्याच्या ओळखी झालेल्या असतील.

मामा (फौज): एप्रिलमध्ये बर्फावरून ऊन परावर्तित होते आणि डोळ्यांना इजा होते, म्हणून तिघांसाठी बाजूने झाकलेले काळे चष्मे न्यावेत. मुलाचा चष्मा अवश्य न्यावा.

मेघा: आत्या, तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम पाहिली. तिथल्या शाळांना २० डिसेंबरच्या सुमारास सुटी लागते आणि ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते. सूर्य न दिसण्याचे निम्म्याहून अधिक दिवस त्याच सुटीत येतात. तेवढ्या दिवसांसाठी आम्ही तिघेही नागपूरला येऊ. चिनू तुमच्याकडे राहील आणि आम्हीही राहू.

नंदाआत्या: तिघे येणार असाल तर माझे म्हणणे पूर्ण झाले. तिकिटे आत्ताच काढून ठेवावीत, नंतर सबब नको. जाताना मी घरचे तूप आणि पेढे देणार आहे.

सुमेध: आत्या, युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवासी सामानात नेण्यास बंदी आहे. तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतील. गोडा मसाला, मेतकूट, कुरडया आणि भाजणी मात्र नेता येईल.

नंदाआत्या: मग भाजणी पाच किलो देते. लेकराला नुसत्या पावावर ठेवू नये.

मामी: ओठ फुटू नयेत म्हणून खोबरेल तेलही द्यावे. तिथे घरातली हवा फार कोरडी होते, मुलांच्या नाकातून रक्त येऊ शकते. तेल घट्ट झाले तर बाटलीतून निघत नाही, म्हणून रुंद तोंडाच्या डब्यात भरावे.

मामा (फौज): मेघा, चिनूच्या पावलाचे माप संध्याकाळी, जाड लोकरीचा मोजा घालून घे आणि मला पाठव. बूट घट्ट असेल तर रक्त फिरत नाही आणि बोटे गारठतात. बूट तिथे गेल्यावरच घ्यायचे आहेत, पण ताईला माप आधी कळलेले असावे.

ताई (स्टॉकहोम): माप सेंटिमीटरमध्ये पाठव, आपल्याकडचा नंबर इथे चालत नाही.