एकाच क्लबकडून ७७० लीग मॅचेस: जॉन ट्रोलोप

लेफ्टबॅक_नाना
इंग्लंडमधल्या स्विंडन टाउन या फुटबॉल क्लबच्या जॉन ट्रोलोपबद्दल वाचतोय. १९६० ते १९८०, क्लब एकच, जागा एकच लेफ्ट बॅक (बचावात डावीकडे), ७७० लीग मॅचेस, त्यात बरेच सीझन थर्ड डिव्हिजनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर. इंग्लंडकडून एकही मॅच नाही. प्रश्न असा की तेव्हा क्लब सोडणं कितपत शक्य होतं, आणि एकाच क्लबकडून सर्वाधिक लीग मॅचेसचा रेकॉर्ड अजून त्याचाच आहे की मोडला?

चिखलातला_गोल
सोडणं सोपं नव्हतं. तो १७ व्या वर्षी टीममध्ये आला तेव्हा आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड पगार हा नियमच होता, तो नियम १९६१ ला गेला, पण करार संपला तरी क्लब तुमचं रजिस्ट्रेशन धरून ठेवू शकायचा, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून खेळता यायचं नाही, त्याला धक्का बसला १९६३ च्या ईस्टहॅम केसने (खेळाडू जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला होता). पण त्यानंतरही हा माणूस १७ वर्षं तिथेच आहे बघा! जन्म शेजारच्याच रॉटन गावचा, घरचाच क्लब. मध्ये तर सलग ३६८ लीग मॅचेस खेळलाय, त्या काळच्या चिखलात, त्या काळच्या टॅकल्स खाऊन. मला ७७० पेक्षा हा आकडा मोठा वाटतो.

वेम्बली६९
आणि १९६९ ची लीग कप फायनल विसरू नका रे. थर्ड डिव्हिजनच्या स्विंडनने आर्सेनलला ३-१ हरवलं, एक्स्ट्रा टाइममध्ये डॉन रॉजर्सचे दोन गोल, लेफ्ट बॅकला ट्रोलोपच. एवढं करून युरोपात खेळू दिलं नाही, कारण काय तर फर्स्ट डिव्हिजनचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या लीगचा क्लब नाही! अजून राग येतो.

चिखलातला_गोल
@नाना रेकॉर्डचं राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये एमके डॉन्सच्या डीन लेविंग्टनने मोडला, तोही लेफ्ट बॅकच.

वेम्बली६९
तो क्लब विम्बल्डनमधून उचलून मिल्टन कीन्सला नेलेला, ते मला कधीच पटलं नाही. पण लेविंग्टनचा त्यात काय दोष, पोरगा तिथे राबला, क्लब खाली घसरला तरी सोडून गेला नाही. रेकॉर्ड त्याच्या हक्काचाच.

लेफ्टबॅक_नाना
थँक्स मंडळी. ईस्टहॅम केसचं माहितीच नव्हतं. ट्रोलोपने मोडला तो रेकॉर्ड पोर्ट्समथच्या जिमी डिकिन्सनचा, ७६४ मॅचेस, पण डिकिन्सन इंग्लंडकडून ४८ वेळा खेळला होता. आता त्याच्यावर वाचायला घेतो.