टपाल तिकिटांचे दागिने: रेझिनमध्ये कागद पारदर्शक होतोय, काय करू?

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी जुन्या टपाल तिकिटांचं पेंडंट आणि कानातले करायचे आहेत. पोरगी पक्षीवेडी, सुट्टीच्या दिवशी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनला हजर. त्यामुळे तिकिटंही पक्ष्यांचीच काढली आहेत. अण्णांच्या संग्रहात १९८० चा माळढोक आहे (२ रुपये ३० पैसे), १९७५ च्या संचातले नवरंग आणि मोनाल आहेत, आणि १९८३ चा धनेश, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) शताब्दीला काढलेला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन ती माळढोक न बघताच परत आली होती, म्हणून पेंडंटचा मान त्याला. नवरंग कानात. तो काय, पावसाच्या तोंडावर बोरिवलीच्या नॅशनल पार्कातही येतो.

या तिकिटांना हात लावण्याआधी रोजच्या वापरातल्या साध्या तिकिटांवर प्रयोग केला. रेझिन ओतलं की कागद तेल प्यायल्यासारखा होतो आणि मागचा काळा रंग वर दिसतो. शिवाय मालाडला सध्या पाऊस धो धो, दुसऱ्या दिवशीही वरचा थर बोटाला चिकटतो. रेझिन दोन बाटल्या एकत्र मिसळून घट्ट होणारं आहे, दिव्याखाली सुकणारं नाही.

तिकीट गोल कापायचं नाही. दाते आणि किंमत दिसली नाही तर ते तिकीट कसलं? आणि एक गंमत: एकाच तिकिटाची जोडी कानात घातली की एक नवरंग चेहऱ्याकडे बघणार, दुसरा खांद्याकडे! त्यावर उपाय नाही, मला ठाऊक आहे.

– मालाडची मावशी

---

टिपकागद: ताई, आधी तिकीट कोमट पाण्यात भिजवून मागचा गोंद काढा, टिपकागदावर पालथं वाळवा, वर जाड पुस्तक. मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात, पुढून, मागून आणि मुख्य म्हणजे दात्यांच्या कडेला. रेझिन तिथूनच शिरतं. पूर्ण वाळल्याशिवाय ओतू नका.

चिकटपणासाठी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून बघा. गेला तर दमट हवेचा प्रताप. नाही गेला तर दोन बाटल्यांचं प्रमाण चुकतंय. लेबलवर वजनाचं प्रमाण दिलं असेल तर चमच्याने मोजू नका, काटा वापरा. आणि सुकताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

जीपीओचा_वारकरी: धनेश कोरा आहे की शिक्का मारलेला? कोरा असेल तर अल्बममध्येच राहू दे. दागिन्याला शिक्क्याचीच तिकिटं घ्या, ती स्वस्त पडतात आणि शिक्का दिसतोही छान. रेझिन उन्हाने पिवळं पडतं, हेही लक्षात असू द्या. मी असतो तर वर काच बसवली असती.

मालाडची मावशी: धनेश कोराच आहे, परत ठेवला. माळढोक आणि नवरंग दोन्ही शिक्क्याचे आहेत, नवरंगाच्या तर चार प्रती. कानातले रेझिनचेच करते, काच कानाला जड होईल. पेंडंटला काच पटली, पण आयताकृती चौकट कुठे मिळेल?

टिपकागद: भुलेश्वरला बघा, पण तयार चौकटी बहुतेक गोल नाहीतर अंडाकृती. ओळखीच्या सोनाराकडून चांदीची करून घेतलेली बरी. माप दात्यांसकट द्या आणि चारी बाजूंनी किंचित मोकळं ठेवा.