बेरींचे कॉम्पोट: पाणी न घालता, बेताच्या साखरेत

विषय: घरी बेरींचे कॉम्पोट कसे करावे?

नमस्कार मंडळी,

दह्याबरोबर किंवा ओट्सबरोबर खाण्यासाठी बेरींचे साधे कॉम्पोट, म्हणजे थोड्या साखरेत मऊ शिजवलेली फळे, घरीच करून ठेवावे, असा माझा विचार आहे. कृती पाहू लागले तर कोणी वाटीभर पाणी घालायला सांगते, कोणी पाण्याचे नावही काढत नाही. साखर कुठे दोन चमचे आहे, तर कुठे फळाच्या निम्मी. गोठवलेल्या बेरी चालतील का, साखर कितपत कमी करता येते आणि फ्रीजमध्ये ते किती दिवस टिकते, हे नेहमी करणाऱ्यांपैकी कोणी सविस्तर लिहिले, तर आभारी राहीन.

कळावे, लोभ असावा.

---

उत्तर: घरी बेरींचे कॉम्पोट कसे करावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

कृतींमध्ये एवढा फरक दिसतो, याचे कारण बरेच जण कॉम्पोटला जॅमचे नियम लावतात. जॅममध्ये साखर टिकवण्याचे आणि घट्ट धरण्याचे काम करते. तयार जॅममध्ये तिचे प्रमाण साधारण ६० ते ६५ टक्के असते आणि मिश्रण १०४-१०५ अंश सेल्सिअसपर्यंत आटवावे लागते, तेव्हा कुठे फळातले पेक्टिन, म्हणजे घट्टपणा आणणारा घटक, धरते. कॉम्पोटमध्ये यातले काहीच साधायचे नसते. फळ मऊ व्हावे, त्याचा स्वतःचा रस सुटून किंचित दाट व्हावा आणि चव फळाचीच राहावी, एवढ्यासाठीच ते शिजवायचे. त्यामुळे साखर चवीपुरती पुरते आणि वेळही फार लागत नाही.

४०० ग्रॅम बेरींना मी ४० ते ५० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घेते. बेरी फार आंबट असतील, तर साखर थोडी वाढवावी. पाणी मात्र घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणीच असते, ब्लूबेरी आणि रास्पबेरीतही ८५ टक्क्यांच्या आसपास. वरून आणखी पाणी ओतले की ते आटवण्यासाठी जास्त वेळ शिजवावे लागते, आणि त्या वेळात फळाचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो. ताज्या बेरी असतील, तर त्यांना साखर चोळून वीस मिनिटे झाकून ठेवाव्यात. साखर फळातले पाणी बाहेर ओढते आणि पातेल्याच्या तळाशी पुरेसा रस जमतो.

गोठवलेल्या बेरी तर या कामासाठी अधिक सोयीच्या आहेत. गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे आच लागताच रस सुटतो. त्या आधी वितळवून घेण्याची गरज नसते. एक गोष्ट मात्र आवर्जून पाळावी: त्यांना किमान एक मिनिटभर खळखळून उकळी येऊ द्यावी. युरोपमध्ये २०१३ आणि २०१४ साली गोठवलेल्या बेरींमधून हिपॅटायटिस ए हा यकृताचा विषाणूजन्य आजार पसरला होता. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उकळल्याने मरतो.

पातेले स्टीलचे आणि जाड बुडाचे घ्यावे. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या भांड्यात फळातले आम्ल धातूशी संयोग पावते, चव बदलते आणि रंग काळपट पडतो. मंद आचेवर ठेवल्यावर आधी काही घडत नाहीसे वाटते; मग कडेने रस दिसू लागतो, साखर विरघळते आणि ब्लूबेरी असतील, तर त्यांची साल एकेक करून उकलू लागते. रस सुटल्यावर आच मध्यम करावी आणि झाकण ठेवू नये. सुरुवातीला बारीक, फेसाळ बुडबुडे येतात. रस दाटू लागला की ते मोठे आणि संथ होतात. तिथून पुढे पातेल्यापाशीच उभे राहावे. ढवळताना चमचा तळाशी सरकवत न्यावा, फळे ठेचू नयेत. ताज्या बेरी असतील, तर एक तृतीयांश बेरी बाजूला ठेवून शेवटच्या मिनिटाला घालाव्यात. शिजलेल्या रसात अख्खी, टपोरी फळे राहतात आणि खाताना त्यांचा वेगळाच आनंद मिळतो.

गॅस केव्हा बंद करावा, हे खरे महत्त्वाचे. गरम असताना कॉम्पोट नेहमी पातळ दिसते आणि निवल्यावर बरेच दाट होते. थंड बशीवर चमचाभर रस टाकून बोट फिरवावे. रेघ क्षणभर राहून सावकाश भरून आली, की थांबावे. पाकासारखी तार येण्याची वाट पाहिली, तर हाती जॅम येईल. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घालावा. बेरींचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते आम्लात अधिक लाल आणि उजळ दिसते, त्यामुळे चवीइतकाच रंगही खुलतो.

स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवले, तर पाच-सहा दिवस चांगले राहते. दर वेळी कोरडाच चमचा वापरावा.

---

उत्तर: घरी बेरींचे कॉम्पोट कसे करावे?

नमस्कार,

इतके नेमके लिहिल्याबद्दल आभार. मला हेच केकच्या थरांमध्ये भरायचे असेल, तर दाटपणा कसा आणावा? भेट म्हणून बरण्या भरून त्या फ्रीजबाहेर ठेवता येतील का? आमचा नातू दहा महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी साखरेऐवजी मध घातला, तर बरे पडेल असे घरात सुचवले आहे.

---

उत्तर: घरी बेरींचे कॉम्पोट कसे करावे?

काका, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, शिजवलेलाही नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या उकळीने मरत नाहीत. नातवासाठी साखर, मीठ आणि मध यांतले काहीही न घालता थोड्या पिकलेल्या बेरी वेगळ्या शिजवून चांगल्या मऊ कुस्कराव्यात. रास्पबेरी किंवा ब्लॅकबेरी असेल, तर बिया काढण्यासाठी गाळणीतून दाबून घ्यावे.

केकसाठी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मोठा चमचाभर थंड पाण्यात कालवून उकळत्या कॉम्पोटमध्ये घालावे आणि मिनिटभर उकळू द्यावे. उकळी आली नाही, तर कच्चट चव राहते. याने रस थोडा गढूळ दिसतो, पण थरांमधून ओघळत नाही. पूर्ण थंड झाल्याशिवाय मात्र ते केकवर पसरू नये.

बरण्या फ्रीजबाहेर ठेवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. जॅम टिकतो तो त्यातल्या भरपूर साखरेमुळे, कारण ती पाणी बांधून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. आपल्या कॉम्पोटमध्ये तेवढी साखर नसते. भेट द्यायची असेल, तर ते डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे, तिथे तीन महिने चव उत्तम राहते. गोठताना ते फुगते, म्हणून डबा वरून बोटभर रिकामा ठेवावा, आणि घेणाऱ्याला ते फ्रीजमध्येच वितळवून चार दिवसांत संपवण्यास सांगावे.

कळावे.