सिग्नलच्या टेस्टसाठी खरा सिग्नल पाठवायलाच हवा का?

रबाळे_रात्रपाळी: महापेच्या ऑफिसात आमची सी++ मधली एक सर्व्हिस आहे. सिगटर्म, म्हणजे 'बंद हो' सांगणारा सिग्नल, आला की हातातली नोंद पुरी लिहून बंद व्हायचं, एवढंच. टेस्ट अशी: प्रोसेस सुरू करा, एक सेकंद थांबा, किल मारा, म्हणजे तो सिग्नल पाठवा. माझ्या लॅपटॉपवर कायम पास, बिल्ड सर्व्हरवर लोड असला की नापास. मी म्हणतो, काढून टाका ती. हँडलरचं, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं, फंक्शन सरळ कॉल करा, फ्लॅग बदलला का बघा. सिग्नल पोचवणं कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम, त्याची परीक्षा आपण कशाला घ्यायची?

ऐरोलीकर: पोचवणं कर्नलचं, पण कधी पोचेल हे तुमच्या हातात नाही आणि बग तिथंच असतो. हँडलरमध्ये लॉगची ओळ आहे ना? असणारच. मेन थ्रेड मॅलॉकचं (मेमरी मागायचं फंक्शन) लॉक धरून बसलेला असताना सिग्नल आला आणि लॉगसाठी स्ट्रिंग जोडताना परत मॅलॉक लागला, की प्रोसेस स्वतःचीच वाट बघत बसते. फंक्शन सरळ कॉल करून हे जन्मात दिसणार नाही.

रबाळे_रात्रपाळी: ओळ आहे. काढतो. पण तो नेमका क्षण तुमची टेस्ट तरी कशी पकडणार? शंभरदा किल मारत बसायचं? लॉटरीच झाली ती.

ऐरोलीकर: मान्य, शंभरदा मारूनही खात्री नाही. म्हणून हँडलरनं पाइपमध्ये (एका टोकाला लिहायचं, दुसऱ्या टोकाला वाचायचं अशी नळी) फक्त एक बाइट लिहायचा, बाकी सगळं मेन लूपमध्ये. ते खुशाल तुमच्या पद्धतीनं तपासा. पण खऱ्या सिग्नलची एक टेस्ट हवीच, आणि तो एक सेकंदाचा स्लीप काढा, खरा चोर तोच. हँडलर लावून झाला की चाइल्ड प्रोसेसनं, म्हणजे टेस्टनं सुरू केलेल्या सर्व्हिसनं, पाइपवर 'तयार' लिहायचं, ते वाचल्यावरच किल. त्याआधी सिगटर्म गेला तर प्रोसेस जागीच मरते. वेटपीआयडीचा, म्हणजे प्रोसेस कशी संपली ते सांगणाऱ्या कॉलचा, स्टेटस बघा, '15 नंबरच्या सिग्नलनं मेली' असंच दिसेल.

घणसोली_सेक्टर_७: आमच्या दोन्ही टेस्ट हिरव्यागार होत्या हो! कंटेनरमध्ये प्रोग्रॅम शेल स्क्रिप्टमधून सुरू व्हायचा, एक्झेक (शेलच्या जागी प्रोग्रॅमच बसवणारी कमांड) लिहायचं राहिलेलं. सिगटर्म जायचा शेलला, आमचा प्रोग्रॅम निवांत. दहा सेकंदांनी कंटेनर चालवणारा डॉकर सिगकिल, म्हणजे जबरदस्तीनं बंद करणारा सिग्नल, मारतो, आणि त्याला हँडलर लावताच येत नाही. दर डिप्लॉयला अर्धवट फाईल. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं लॉग वाचत तीन आठवडे काढले.

रबाळे_रात्रपाळी: आत्ता आमची स्क्रिप्ट उघडली. एक्झेक नाही. पण हे टेस्टनं नाही, तुमच्या पोस्टनं कळलं, तेव्हा माझा मुद्दा अजून जिवंत आहे.