शब्द हवा आहे : 'फ्लोटिंग चार्ज'

अर्धविराम
एका साखर कारखान्याच्या कर्जाची कागदपत्रं मराठीत करायचं काम घेतलंय. नजरगहाण, ताबेगहाण, जामीनकी हे सगळे शब्द जुन्या फायलींत सापडले. घोडं अडलं ते 'फ्लोटिंग चार्ज'पाशी. 'तरता प्रभार' लिहून पाहिलं, तर लेखापाल म्हणाले, "ताई, हे तराफ्याचं आहे का काही?"

अर्थ असा : गोदामातला माल रोज बदलतो. आज आहे तो उद्या विकला, परवा नवा आला. ज्या वेळी जे असेल त्यावर बँकेचा हक्क. हप्ते थकले की त्या घडीला जो माल असेल त्यावर तो हक्क पक्का बसतो.

आधीच्या मसुद्यात मी घाईघाईत 'जमिनीवर चार्ज'चं 'जमिनीवर शुल्क' करून ठेवलं होतं. वडिलांनी वाचून विचारलं, "म्हणजे शेतात जायला तिकीट काढायचं का?" तेव्हा हसून झालं असेल तर शब्द द्या.

बांधावरचा
तिकीट 😂 ताई, जमिनीवरचा चार्ज म्हणजे बोजा. सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क'मध्ये बोजा चढतो. फेडलं की उतरवायचा. गाडीवर पोती चढवावी-उतरवावी तसं.

फक्त पोती उतरतात. आमच्या आज्याने विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. फिटलं, त्याला २२ वर्षं झाली. बोजा उतरवायला बँकेचा दाखला लागतो, तो उंदरांनी खाल्ला. आज्या गेला, विहीर आटली, बोजा मात्र गेल्या साली उतरला.

जुना कारकून
बांधावरचे बरोबर सांगताहेत. त्याच सातबाऱ्यावर 'आकार' असाही रकाना असतो, रुपये-पैशांत. तोही एका अर्थी चार्जच. वीजबिल काढून पाहा : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. म्हणजे एकाच कागदावर एक चार्ज सरकारला द्यायचा आणि दुसरा बँकेने डोक्यावर ठेवलेला. शेतकऱ्याला दोन्ही वेगळे कळतात, कारण शब्द वेगळे आहेत. 'शुल्क आकारण्यात येईल' ही अलीकडची करामत. नुसतं 'पैसे पडतील' म्हटलं तर कुणाचं काय जातं?

कचेरीतला चार्ज आणखी निराळा. कागदावर पदभार, तोंडात चार्ज. "त्या तलाठ्याकडे दोन सजांचा चार्ज आहे." (सजा म्हणजे तलाठ्याच्या हाताखालची गावं.) मी पहिल्यांदा चार्ज घेतला तेव्हा यादीत दप्तर, मोजणीची साखळी, कपाटाच्या किल्ल्या आणि १ पेट्रोमॅक्स बत्ती होती. बत्ती काही दिसेना. आधीच्यांना विचारलं तर म्हणाले, "मलाही यादीतच मिळाली होती." मीही पुढच्याला यादीतच दिली.

ओहमचा नियम
तुमच्या प्रभारानं आमची पंचाईत केलीय. विज्ञानाच्या पुस्तकात पूर्वी 'विद्युतभार' असायचा, आता 'प्रभार' आहे. धनप्रभार, ऋणप्रभार. आमच्या शाळेला दोन वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होते. आठवीतल्या एकाने भर वर्गात विचारलं, "सर, ते धन की ऋण?" उत्तर मला माहीत होतं, पण नोकरी होती.

आता थोडा इतिहास. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी. त्यावरून 'कार्रिकारे', गाडीत माल भरणे. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन चार्ज झालं. म्हणजे बांधावरच्यांची पोत्यांची गाडी अगदी मुळातली. 'कार' आणि 'कार्गो' याच घरातले. 'कॅरिकेचर'सुद्धा, म्हणजे जरा जास्तच लादलेलं चित्र. गाडीत माल भरतात तशी बंदुकीत दारू भरली, तो चार्ज. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन लायडन जारमध्ये वीज साठवायला लागला, तेव्हा त्याने हाच बंदुकीचा शब्द उचलला. अनेक जार जोडले त्याला तो 'बॅटरी' म्हणाला. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. तुमच्या खिशातला फोन शब्दांपुरता तोफखाना आहे.

शुद्धमती
म्हणजे मूळ अर्थ ओझं. मग आपल्याकडे 'भार' आहे की! पदभार, कार्यभार, विद्युतभार, भारनियमन. एक धातू, सगळीकडे चालतो. इंग्रजीतलं 'बेअर', 'बर्डन' हेही 'भार' ज्यातून आला त्या आपल्या 'भृ' धातूचे भाऊबंद. इतकं सगळं घरात असताना 'चार्ज' कशाला? फोनसुद्धा भारता येईल. 'महापौर', 'दिनांक' यांनाही लोक आधी हसलेच होते.

सहा अठ्ठावन्न
फोन भारला तर त्याला लिंबू-मिरची बांधावी लागेल. आमच्याकडे लिंबू भारतात, नारळ भारतात, अंगारा भारतात. सकाळी बायकोला "माझा फोन भारून ठेव" म्हटलं तर ती मीठमोहऱ्या घेऊन येईल.

फोन चार्जिंगला लावतात. यात 'ला लाव' हे अस्सल मराठी आहे. दूध तापायला लाव, कुकर लाव, फोन चार्जिंगला लाव. मराठी नामात नसते हो, ती त्या 'लाव'मध्ये असते.

शुद्धमती
असंच म्हणत म्हणत सगळी नामं गेली. उरलं काय, तर 'लाव'.

ओहमचा नियम
पण सहा अठ्ठावन्न, 'भारलेलं वातावरण' म्हणता ना? तोच चार्ज. सभा संपल्यावर लोक भारल्यासारखे घरी जातात. तिथे कुठे लिंबू असतं?

सहा अठ्ठावन्न
काही सभांना असतं.

वऱ्हाडातून
लाठीचार्ज राहिला ना बाप्पा! बाबा कॉलेजात असताना कुठल्याशा मोर्चात गेले होते. त्यांनी पाठीवर खाल्लेला तो लाठीचार्ज. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'सौम्य लाठीमार'. बाबा तीन दिवस पालथे झोपले. आजही भाजी कमी तिखट झाली की ते म्हणतात, "सौम्य लाठीमार केला आज."

आता इथं भार कुठं आहे? पाठीवर?

जुना कारकून
चार्ज म्हणजे चाल करून जाणे, हा तो अर्थ. १८५४ साली क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला इंग्रजांचं घोडदळ तोफांवर गेलं, तो चार्ज. लाठी आपली, चार्ज त्यांचा, पाठ पुन्हा आपली.

तारीख मिळाली
कोर्टातलं सांगतो, कारण बातम्यांत रोज घोळ होतो. पोलीस तपास करून जे दाखल करतात ते चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र. चार्ज न्यायाधीश ठेवतात, तो दोषारोप. चार्जशीट दाखल झाली म्हणजे चार्ज ठेवला असं नाही, मधे वर्षं जातात. चार्ज ठेवायला पुरेसा आधारच नसला तर आरोपी डिस्चार्ज होतो. त्याला निर्दोष सुटला म्हणत नाहीत. निर्दोष सुटतो तो खटला पुरा चालून.

आमच्या एका पक्षकाराला मी फोनवर "डिस्चार्ज मिळाला" म्हणालो. त्याच्या आईने विचारलं, "दवाखान्यात कधी नेला होता?"

मूळ प्रश्नाबद्दल : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम १०० मध्ये स्थावरावरचा चार्ज सांगितलाय. गहाण नाही, पण कर्जाला मालमत्ता बांधलेली. त्याला बोजा अगदी चपखल. फ्लोटिंग मात्र त्यात बसत नाही.

बांधावरचा
डिस्चार्ज म्हणजे धरणाचा विसर्ग पण. आणि विहिरीचा रिचार्ज म्हणजे पुनर्भरण. आज्याच्या विहिरीचं करायचंय, कुणाला माहिती असली तर सांगा. खडी किती थर टाकायची?

सहा अठ्ठावन्न
मी महिन्याला २८ दिवसांचं पुनर्भरण करतो. खडी लागत नाही.

मडगावकार
आमच्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदांत नोकरीच्या पदाला 'कार्गु' लिहिलेलं असायचं. बोटीवरच्या मालाला 'कार्गा'. लहानपणी मला वाटायचं, आजोबा बंदरावर हमाली करायचे. ते कारकून होते. ओहमचे सर, हेही त्याच गाडीतले असणार.

ओहमचा नियम
त्याच गाडीतले. पद म्हणजे ओझं, हे लिस्बनलाही कळलं होतं.

शुद्धमती
आणि बंदुकीचा 'बार' विसरलात सगळे. बार भरणे, बार उडणे, फुसका बार. तो 'भार'चाच बार झालाय. म्हणजे तोफखान्याचाही शब्द आपल्याकडे तयार होता. तंबाखूचा बार भरतात तो यातलाच.

जुना कारकून
शुद्धमतीताई, जरा दमानं. फारसीत 'बार' म्हणजे ओझं. पोत्यांचं 'बारदान' त्यातलं, पेशवाईतल्या कागदांतली 'बारबरदारी', म्हणजे ओझी वाहून नेणं, त्यातली. बंदुकीचा बार तिकडूनही आला असेल. 'भार'चा 'बार' व्हायचा तर 'भात'चं 'बात' का झालं नाही?

शुद्धमती
फारसीतला बार आणि आपला भार एकाच आजीचे नातू. म्हणजे आपलाच झाला.

जुना कारकून
या हिशेबानं चार्ज सोडून सगळंच आपलं.

अर्धविराम
मंडळी, बत्ती, विहीर, तंबाखू सगळं झालं. फ्लोटिंग?

तारीख मिळाली
'चल बोजा' चालेल का? चल संपत्ती असते तसा.

सहा अठ्ठावन्न
'लोंबकळता बोजा'. लोकलवाल्यांना लगेच कळेल.

बांधावरचा
ताई, आमच्याकडे मेंढपाळाला उचल देताना असं करायचे. कळप धरायचा, मेंढरू नाही. दिवाळीपर्यंत चार विकली, सात व्याली, सावकार विचारत नसे. कळप आहे ना, झालं. पैसे बुडायला लागले की तो एक दिवस सकाळी वाड्यावर यायचा आणि त्या दिवशी असतील ती मोजून घ्यायचा. त्याला वेगळा शब्द होता का, आईला विचारून सांगतो. 'फिरता बोजा' म्हणा तोवर.

अर्धविराम
मेंढरांनी काम केलं! 'फिरता बोजा' लेखापालांना पाठवला. त्यांना कळला, आवडलाही. पण आता पुढच्या कलमात त्या मोजून घेण्याला मी 'स्फटिकीभवन' लिहिलंय, कारण इंग्रजीत 'क्रिस्टलायझेशन'च आहे. त्यांनी ते पान थेट कारखान्यात साखरेचे स्फटिक बनतात त्या पॅनवरच्या केमिस्टकडे पाठवलं. केमिस्टचा शेरा आलाय : 'बॅच नंबर लिहा.'

शुद्धमती
स्फटिकीभवन उत्तम शब्द आहे, बदलू नका.

जुना कारकून
बार फारसीच आहे.