रात्री रडणारं पिल्लू

कुणीतरी लिहिलंय की घरी नवीन आणलेलं कुत्र्याचं पिल्लू रात्री रडलं तर दुर्लक्ष करा, आपोआप गप्प होतं. मला नाही पटत. ८ आठवड्यांचं ते, कालपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होतं आणि आज एकदम एकटं, रडणारच ना! पहिले काही दिवस त्याची टोपली पलंगाशेजारीच ठेवा, हात खाली सोडला की बोटं हुंगतं, मोठा सुस्कारा टाकतं आणि झोपतं. शू लागली म्हणूनपण रडतं हां, ह्या वयात २-३ तासांवर धरवत नाही, तेव्हा उठून बाहेर न्यायचं, झाली की लगेच शाबासकी, आणि घरात केली तर ओरडायचं नाही कारण त्याला एवढंच कळतं की तुमच्यासमोर करायची नाही, मग सोफ्यामागे जाऊन करतं. चावणं दुधाचे दात पडेपर्यंत, म्हणजे साधारण ६ महिन्यांचं होईपर्यंत, चालणारच, चपला उचलून ठेवा. लसींचे डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका पण कडेवर घेऊन हिंडवा, गाड्या, माणसं, छत्र्या सगळं बघू दे. आणि हो, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा अजिबात नाही, घरातल्या पोरांना आधीच बजावून ठेवा.