मीटररूमसमोरील गोणी आणि हॉलची मागणी

घाटगे (ए-१०३): सर्व सभासदांना नमस्कार. मीटररूमसमोर ठेवलेल्या जुन्या कपड्यांच्या गोणी अद्याप तेथेच आहेत, हे पुन्हा एकदा निदर्शनास आणून देत आहे. काल रात्री वीज गेल्यावर मेन स्विच पाहण्यासाठी मला मोबाईलच्या उजेडात त्या गोणींवरून चढून जावे लागले. एका गोणीचे तोंड उंदरांनी कुरतडले असून आतल्या शेरवानीची जरीची बाही बाहेर लोंबत आहे. ज्या सेवाक्लबने गेल्या पावसाळ्यात पूरग्रस्तांसाठी हे कपडे आपल्याकडून गोळा केले, त्याच क्लबचे यंदा पुन्हा सोसायटीचा हॉल मागणारे पत्र नोटीस बोर्डावर झळकले आहे. आधी गोणी हलवाव्यात आणि मगच हॉलचा विषय काढावा, ही नम्र विनंती.

बागवान (बी-२०१): घाटगे साहेब, शेरवानी मोतिया रंगाची असल्यास ती आमची आहे. लग्नात एकदाच घातली, त्यानंतर ती माझ्या अंगात शिरलेली नाही. शिरोळ तालुक्यात एखादा सडपातळ नवरदेव अडचणीत असेल, अशा आशेने दिली होती.

जाधव (बी-४०२): घाटगे साहेब, आपला त्रास समजू शकतो. क्लबचा यंदाचा सचिव या नात्याने एवढेच सांगतो की रोटरी, लायन्स यांच्याप्रमाणे आमचेही वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. गोणी उचलण्याचा शब्द मागील अध्यक्षांनी दिला होता, आणि पदभार घेताना मला जी फाईल मिळाली तिच्यात या गोणींचा कोठेही उल्लेख नाही. यंदाच्या कार्यकारिणीवर गेल्या वर्षीचा राग काढला जाऊ नये.

घाटगे (ए-१०३): जाधव, शब्द अध्यक्षांनी दिला की क्लबने दिला, हे आधी ठरवावे. फोटोंच्या फ्लेक्सवर क्लबचे नाव होते, अध्यक्षांचे घरचे नाव नव्हते. तोच फ्लेक्स आता गोणींवर झाकण म्हणून पसरलेला आहे, त्यामुळे मी हे पाहून सांगत आहे. दरवर्षी जुलैमध्ये नवे अध्यक्ष हार घालून घेतात आणि जुन्या कामाचा निचरा होतो, ही पद्धत कोणत्या सेवेत बसते?

निंबाळकर (सी-१०१): हॉल कोणालाही द्यावयाचा असल्यास अनामत रक्कम आधी भरून घ्यावी.

इनामदार (ए-४०१): पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीकडे, म्हणजे ३९ फुटांकडे सरकत आहे. धोका पातळी ४३ फूट आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगतो. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या पुढे गेले होते. यामागे कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या विसर्गाचे नियोजन हे माझ्या मते मूळ कारण असून त्याबाबत मी पूर्वी या ग्रुपवर सविस्तर लिहिलेले आहे, ते पुन्हा टाकतो.

कुलकर्णी (सचिव, ए-३०२): इनामदार काका, पातळीची माहिती जरूर द्यावी. अलमट्टीचा लेख सर्वांकडे जतन केलेला आहे, तो आज टाकू नये. क्लबच्या पत्रात दोन मागण्या आहेत, त्यांवर बोलावे. आजपासून हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करण्याचे केंद्र, ही पहिली, आणि १५ ऑगस्टला रक्तदान शिबिर, ही दुसरी.

देसाई (ए-५०१): घाटगे साहेबांचा मुद्दा बरोबर असला, तरी सूर थोडा कठोर झाला आहे. सेवाक्लब म्हणजे केवळ हार-तुरे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यात सरकारी यंत्रणेचा आणि आरोग्य सेविकांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे मान्य. पण बूथवर उन्हात बसणारे स्वयंसेवक याच क्लबांचे होते.

घाटगे (ए-१०३): देसाई सर, आपले उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. पोलिओचे काम तीस-पस्तीस वर्षे चालू राहिले, अध्यक्ष बदलले म्हणून डोस थांबले नाहीत. आपल्याच कोल्हापूरच्या दसरा चौकाकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून येथे बोर्डिंगे उभी राहिली, तेव्हा मुलांच्या जेवणाचा, खोल्यांचा आणि रोजच्या खर्चाचा विचार आधी झाला होता. उद्घाटन करून गोण्या मीटररूमसमोर टाकून जाण्याची तऱ्हा तेव्हा नव्हती.

जाधव (बी-४०२): त्या काळी संस्थानाचा खजिना पाठीशी होता. आम्ही वर्गणीतून काम करतो आणि रविवारची सुट्टी त्यात घालवतो, एवढे तरी लक्षात घ्यावे.

निंबाळकर (सी-१०१): अनामत रकमेबाबत उत्तर मिळालेले नाही.

चौगुले (सी-३०४): सर्वांना नमस्कार. मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही, पण माझे माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे, म्हणून लिहिते. २०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्या गावात मदतीचे ट्रक आले आणि शाळेच्या पटांगणात कपड्यांचे ढीग पडले. त्यांत पार्टीचे गाऊन, एका पायाचे बूट, बटणे तुटलेले कोट आणि ओल धरलेली अंथरुणे होती. ज्या बायका दिवसभर घरातला गाळ उपसत होत्या, त्यांनी ते कपडे नेसून काय करायचे? पावसात ते भिजले, कुजले आणि शेवटी ग्रामपंचायतीलाच ट्रॅक्टर लावून हलवावे लागले, म्हणजे पुराच्या कचऱ्यात मदतीच्या कचऱ्याची भर पडली.

तेव्हा आम्हाला हवे होते लांब दांड्याचे खराटे, फावडी, घमेली, फिनेल, रबरी हातमोजे आणि चिखल धुऊन काढणारा पंप. गाळ ओला आहे तोवरच निघतो. एकदा वाळला की तो फरशीला असा चिकटतो की कुदळीने फोडावा लागतो. वायरिंग तपासून देणारा माणूस मिळेना, त्यामुळे पाणी ओसरल्यावरही घरे अंधारात होती. मुलींसाठी सॅनिटरी पॅड मागायला आया लाजत होत्या आणि वाटप करणारे सगळे पुरुष होते. जनावरांना वैरण नव्हती, ओला कडबा तोंडाजवळ नेला तरी म्हशी तोंड फिरवत होत्या. बिस्किटाचे पुडे मात्र इतके आले की मुले ते एकमेकांना फेकून मारत होती. माझ्या चुलत सासूबाईंनी मेणबत्तीचा पुडा घेताना फोटोला नकार दिला, तर पुडा परत घेतला गेला. ते कोणत्या संस्थेचे लोक होते, हे मी येथे लिहिणार नाही.

बागवान (बी-२०१): चौगुले वहिनी, शेरवानीचा विनोद मागे घेतो.

डॉ. मगदूम (बी-३०१): चौगुले वहिनींच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी उपसा केंद्रे बुडाल्याने आपल्या शहराचेच नळ कोरडे पडले होते आणि आपणही टँकरमागे कळशा घेऊन उभे होतो. पुरानंतर पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी मेडिक्लोर लागते, विहिरींसाठी ब्लीचिंग पावडर लागते. ही पावडर ओल लागून वर्षभर पडून राहिली की तिचा जोर जातो, त्यामुळे कोणी जुनी पोती देऊ नयेत. गाळात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यावरच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. लहान मुले आणि गरोदर महिलांना त्या सरसकट देता येत नाहीत. म्हणून गोळ्यांची पाकिटे बिस्किटांप्रमाणे वाटू नयेत, ही हात जोडून विनंती.

रक्तदान शिबिराबाबत स्पष्टच सांगतो. १५ ऑगस्टला शहरात गल्लोगल्ली शिबिरे होतात. रक्तातील लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स केवळ ५ दिवस. एकाच दिवशी पिशव्यांचा पूर येतो आणि पुढे डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक प्लेटलेट्ससाठी वणवण फिरतात. एकदा रक्त दिल्यावर पुरुषांना तीन महिने आणि महिलांना चार महिने पुन्हा देता येत नाही, त्यामुळे ते दाते तेव्हा उपयोगाचे नसतात. शिबिर घ्यायचेच असेल तर रक्तपेढीला विचारून, तिला गरज असेल त्या आठवड्यात घ्यावे.

पोवार (सी-२०२): रक्तदानाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. दरवर्षी रक्त देऊनही वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी एका रक्तपेढीने माझ्याकडून पैसे घेतले. आपण फुकट द्यायचे आणि त्यांनी विकायचे, हा कुठला न्याय?

डॉ. मगदूम (बी-३०१): पोवार, रक्ताची विक्री करता येत नाही. जे शुल्क घेतले जाते ते एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासण्यांचे, पिशवीचे आणि घटक वेगळे करण्याचे असते आणि त्यालाही सरकारने मर्यादा घातलेली आहे. आपल्याला पावती देताना हे कोणी समजावून सांगितले नाही, याचा राग मात्र रास्त आहे.

पोवार (सी-२०२): समजावणे दूरच, खिडकीवरच्या माणसाने मान वर केली नव्हती. असो.

निंबाळकर (सी-१०१): अनामत रक्कम, हॉलची स्वच्छता आणि पंख्यांचे वीजबिल, या तिन्ही बाबी लेखी असाव्यात.

जाधव (बी-४०२): निंबाळकर काका, अनामत भरतो, कृपया आता तो विषय थांबवावा. आपण सर्वांनी आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, तरी एक गोष्ट विचारतो. गेल्या वर्षी त्या गोणींत कपडे कोणी टाकले? आमच्या पत्रकात 'स्वच्छ, वापरण्याजोगे' असे ठळक अक्षरांत छापले होते. दिवाळीची साफसफाई पावसाळ्यात उरकून घेणारे सभासद याच ग्रुपवर आहेत आणि त्यांतील काही आज आम्हाला नियोजन शिकवत आहेत.

देसाई (ए-५०१): हे मात्र खरे आहे.

घाटगे (ए-१०३): आमच्या घरातून नवी चादर दिली होती, पावती नाही म्हणून सिद्ध करता येत नाही. पण जाधवांचा प्रश्न टाळणार नाही. घेणाऱ्यानेही दारातच नाही म्हणायला शिकले पाहिजे. गोणी उघडून पाहण्याचे धारिष्ट्य नसेल, तर केंद्र उघडू नये.

इनामदार (ए-४०१): नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे सोनतळीकडे हलवायला सुरुवात केल्याचे समजते. शहरातल्या सुतारवाड्यातील कुटुंबांनाही लवकरच चित्रदुर्ग मठात हलवावे लागेल, असा अंदाज आहे. हा अलमट्टीचा लेख नाही, मॅडम.

कुलकर्णी (सचिव, ए-३०२): आभारी आहे, काका. कार्यकारिणीतील उपस्थित सदस्यांशी फोनवर बोलून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. हॉल मिळेल, पण तेथे कपडे स्वीकारले जाणार नाहीत. खराटे, घमेली, फिनेल, पॅड, मेडिक्लोर आणि सुकी वैरण यांसाठी रोख रक्कम घेतली जाईल, पावती क्लबची असेल आणि हिशोब आपल्या नोटीस बोर्डावर लागेल. वाटपाला महिला सोबत असतील आणि घेणाऱ्याचा फोटो काढला जाणार नाही. क्लबने काय शिल्लक आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, याची नोंद पुढील कार्यकारिणीच्या फाईलला जोडून एक प्रत सोसायटीला द्यावी, म्हणजे पुढच्या जुलैमध्ये हाच वाद नको. शिबिराची तारीख डॉ. मगदूम आणि रक्तपेढी ठरवतील. राहता राहिल्या त्या गोणी.

चौगुले (सी-३०४): त्यांतल्या सुती साड्या आणि धोतरे वाकळेला चालतील. आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी वाकळा शिवतात, त्यांना धुऊन दिल्यास त्या घेतील, मी विचारले आहे. नायलॉन, जरी आणि कोट त्यांच्या कामाचे नाहीत.

पोवार (सी-२०२): उरलेल्या चिंध्या उद्यमनगरात लेथ मशिनवरचे ऑईल पुसायला लागतात. माझ्या ओळखीचे एक वर्कशॉप आहे, ते किलोवर घेतील. टेम्पो माझा, डिझेल क्लबचे.

जाधव (बी-४०२): डिझेल मान्य. अटीही मान्य आहेत, फक्त फोटोबाबत आमच्या जिल्हा कार्यालयाला अहवाल पाठवावा लागतो, त्यासाठी सामान भरलेल्या टेम्पोचा फोटो चालेल का, हे सांगावे. चौगुले वहिनी, खराटे साधारण किती घ्यावेत?

चौगुले (सी-३०४): टेम्पोचा फोटो खुशाल काढावा. खराट्यांचा आकडा आज सांगता येणार नाही. पाणी अजून चढत आहे, किती घरांत शिरेल हे गावालाही माहीत नाही. पैसे तेवढे जमवून ठेवावेत आणि खरेदी करू नये. पाणी उतरू लागले की माझा भाऊ ग्रामपंचायतीतून यादी घेऊन फोन करील, त्याप्रमाणे घ्यावे.

निंबाळकर (सी-१०१): अनामत रोख की चेकने?

कुलकर्णी (सचिव, ए-३०२): चेकने, काका.

पोवार (सी-२०२): रविवारी सकाळी टेम्पो गेटवर लावतो. गोणी उघडून कपडे वेगळे करायला माणसे लागतील. येथे हात जोडलेली चित्रे टाकणाऱ्यांनी तेच हात घेऊन प्रत्यक्ष खाली यावे. बागवान, शेरवानी तुम्हीच ओळखायची आहे.